मधे पडू नये

थप्पड बसली तेव्हा क्षणभर तिला वाटलं, खोलीतला दिवा गेला. मग लक्षात आलं, सकाळ आहे, दिवा लावलेलाच नव्हता; खिडकीतून लख्ख ऊन आत आलंय आणि त्या उन्हात तिघं पोरं तोंडं उघडी टाकून आपल्याकडे बघतायत. ज्याने मारलं त्याचा हात अजून हवेतच होता. तो खाली घ्यायचं त्याला सुचत नव्हतं; दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्याकडे आल्यासारखा तो आपल्याच पंजाकडे बघत होता. कोपऱ्यात बादली होती आणि बादलीत, पाण्याच्या तळाशी, एक फोन अजून उजेड देत होता. हे तिला फार स्पष्ट दिसलं. पाण्याखालचा तो निळसर चौकोन, आणि तो विझेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं ठरवल्यासारखी ती शांतता. मग तो विझला, आणि तिच्या डाव्या गालाला कळायला लागलं.

भांडण गजराचं होतं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि मधे एक स्वयंपाकघर. नवरा गेल्यावर तिने तो मजला विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. लहान खोलीत गुरांचा डॉक्टर व्हायला निघालेला एक पोरगा एकटा राहायचा. मोठी खोली लांब्या आणि गजरवाला या दोघांत होती. ही नावं तिनेच मनातल्या मनात ठेवलेली. लांब्या रात्री पार्सलच्या गोदामात खोकी रचून पहाटे परत यायचा आणि अंथरुणावर कोसळायचा, आणि तो कोसळला की गजरवाल्याचे गजर सुरू व्हायचे. एक नव्हे, थोड्या थोड्या वेळाने एकेक, प्रत्येकाचा सूर वेगळा, आणि गजरवाला त्यातल्या एकालाही उठायचा नाही. "गजर लावला ना मावशी, की अर्धा अभ्यास झाल्यासारखं वाटतं," असं तो एकदा तिला अगदी मनापासून म्हणाला होता. तिने दोघांना वेगवेगळं बोलावून, चहा पाजून, एकच गजर आणि तोही उशीखाली असा तह करून दिला होता. तह काही दिवस टिकला. आज सकाळी लांब्या उठला, एक शब्द न बोलता फोन उचलून बादलीत सोडला आणि पुन्हा झोपला; आणि गंमत म्हणजे त्या शांततेने गजरवाला खाडकन जागा झाला. ओरडाआरडा खालपर्यंत ऐकू आला. ती भांडी घासत होती, तशीच ओल्या हातांनी वर गेली. ती दारात पोहोचली तेव्हा गजरवाला लांब्याच्या अंगावरची चादर ओढत म्हणत होता, "हमाल तो हमालच राहणार तू! पुस्तकं कशाला घेतोस रे, खोकी उचल!" लांब्या उठून उभा राहिला. त्याचा हात मागे गेलेला तिला दिसला. "अरे, अरे," म्हणत ती मधे शिरली.

एवढंच. यात कुणाचा काय दोष, हे ती एरवी चहाच्या एका कपात ठरवू शकली असती. पण आता ती नुसती उभी होती. डॉक्टर पुढे आला, त्याने तिची हनुवटी दोन बोटांनी धरली, तिचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि शिकवणीत सांगितलेलं आठवत असल्यासारखं म्हणाला, "मावशी, तोंड उघडा. आता दात मिटा. चावून दाखवा."

"मी काय म्हैस आहे?" ती म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखाच आला याचंच तिला आश्चर्य वाटलं. कोणी हसलं नाही. गजरवाल्याच्या हातात चादर तशीच होती. लांब्याने हात खाली घेतला होता, पण आता तो हात कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. त्याने तो पाठीमागे नेला, मग पुन्हा पुढे आणला. "मी जाते खाली," ती म्हणाली, आणि भिंतीचा आधार घेत एकेक पायरी उतरली.

खाली येऊन ती खुर्चीवर बसली. नळ चालू राहिला होता, तो तिने बंद केला नाही. गाल भाजल्यासारखा झाला होता आणि कानात बारीक शिट्टी वाजत होती. आपण रडायला हवं, असं तिच्या मनात आलं; रडू येईल म्हणून ती वाट बघत बसली. रडू आलं नाही. त्याऐवजी एक वेडगळ गोष्ट मनात घोळायला लागली: त्या हाताला पुठ्ठ्याचा वास होता. कोरड्या, नव्या पुठ्ठ्याचा. आणि हात गरम होता. झोपेतून उठलेल्या माणसाचा असतो तसा. आपल्या चेहऱ्याला याआधी कोणाचा हात लागला होता, हे ती आठवायला लागली आणि आठवेना. कोणी मारायचा प्रश्नच नव्हता. आईने नाही, बापाने नाही, नवऱ्याने तर कधी आवाजही चढवला नाही. पण नुसता हात? तिची स्वतःची मुलं आली की वाकून पाया पडल्यासारखं करत, खांद्याला खांदा लावत, निघताना पाठीवर थोपटत. चेहऱ्याला नाही. नवरा ताप बघायला बोटांची मागची बाजू तिच्या गालाला लावायचा. पंजा खरखरीत आहे, त्याला ताप कळत नाही, असं म्हणायचा. त्यानंतर थेट आज. तिला याचा इतका धक्का बसला की मारल्याचा धक्का क्षणभर बाजूला राहिला.

आयुष्यभर ती स्वतः परक्या माणसांच्या अंगाला हात लावत आली होती. इस्पितळात एक्स-रे काढायची नोकरी. माणसं यायची, शर्ट काढून थंडगार पाटीसमोर उभी राहायची, आणि ती त्यांचे खांदे धरून पुढे ढकलायची, हनुवटी वर करायची, कोपर वळवायची. श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा. भांडून आलेली माणसंही यायची. मोडलेली बोटं, सुजलेले जबडे. "पडलो," असं सगळे सांगायचे. तीही लिहून घ्यायची, पडला. पण कशाने काय मोडतं हे तिला डोळे मिटून कळायचं. मारणाऱ्याचे डोळे मारताना कसे दिसतात, हे मात्र फोटोत कधी आलं नव्हतं. आज तिने ते जवळून पाहिलं होतं, वीतभर अंतरावरून, आणि त्या डोळ्यांत राग नव्हताच. झोप होती. नुसती, अफाट, न झालेली झोप.

भाडेकरू पोरांची भांडणं तिला नवीन नव्हती. साबण कोण संपवतं, केस कोणाचे अडकतात, कोणाच्या मित्राने कोणाची खुर्ची मोडली. एका मुलीने तर मैत्रिणीच्या दुधाच्या बाटलीवर पेनाने रेघ मारून ठेवली होती आणि मैत्रिणीने दूध पिऊन रेघेपर्यंत पाणी भरलं होतं. ती दोघींना कधीच समोरासमोर बसवायची नाही. वेगवेगळं बोलावायचं, आधी जेवलीस का विचारायचं, मग ऐकायचं, आणि निम्मं ऐकून झालं की उठून काहीतरी काम काढायचं. बोलणाऱ्याला आपलंच बोलणं जरा जास्त झालं असं वाटायला तेवढी उसंत लागते. "मावशी, तुम्ही न्यायाधीश व्हायला हवं होतं," असं कोणीतरी म्हणालं होतं. तिला ते आवडलंही होतं. तिच्या स्वतःच्या घरात मात्र तिला सांगितलं गेलं होतं, "आई, तू मधे पडू नकोस." दोन मुलं, आणि दोघांनी हेच एक वाक्य तिला सांगितलं होतं. तेवढं एकमत त्यांच्यात उरलं होतं.

वडील गेले तेव्हा धाकटा दूरच्या गावी होता. तो निघाला होता, वाटेत होता. थोरल्याने थांबायचं नाही असं ठरवलं आणि सगळं उरकून टाकलं. धाकटा आला तेव्हा बाहेरच्या खोलीत रिकामी जागा पुसून वाळत होती. "थांबला का नाहीस?" एवढंच तो म्हणाला. थोरला म्हणाला, "दिवसच्या दिवस दवाखान्यात मी काढले. तेव्हा कुठे होतास?" मग आवाज चढले. ती स्वयंपाकघराच्या दारात आली तसे दोघं एकदम तिच्याकडे वळले: मधे पडू नकोस. त्या दिवसापासून ते एकमेकांशी बोलले नव्हते. एकाने आईला भेटायला यायचा दिवस ठरवला की दुसरा तो दिवस टाळायचा. चुकून समोरासमोर आलेच तर तिच्यामार्फत बोलायचे. "आई, त्याला सांग, बाहेर त्याची गाडी आडवी लागलीय." "आई, त्याला सांग, काढतोय." ती सांगायची. ज्याला सांगायचं तो तिथेच हातभर अंतरावर उभा असायचा. धाकट्याने पुढे याच शहरात नोकरी घेतली. तेव्हा तिला आशा वाटली होती. आशा कशी चिवट असते. कितीही उपटली तरी मूळ मागे राहतं.

दुपारी नणंद आली. ती दोन गल्ल्यांपलीकडे राहायची आणि दाराची कडी न वाजवता यायची. आली, पिशवी ठेवली, वहिनीच्या तोंडाकडे बघितलं आणि पिशवीपाशीच बसली. "वहिनी! ही बोटं कोणाची?"

"वरच्या पोराची," ती म्हणाली. "माझ्यासाठी नव्हती. दुसऱ्याला चालली होती, वाटेत मी आले."

"दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात तो असा?" नणंद म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर न हसता रडायला लागली. रडता रडता तिने फोन काढला. "नको, कोणाला सांगू नका," असं ती म्हणेपर्यंत नणंदेने थोरल्याला सांगून टाकलं होतं. मग धाकट्याला. प्रत्येक वेळी थपडेचा आवाज थोडा वाढत होता. दुसऱ्या फोनमध्ये तिच्या ओठातून रक्तही आलं. हे ऐकताना तिने नकळत ओठ पुसला.

नणंद गेल्यावर लांब्या आला. दारात उभा राहिला. चौकटीला डोकं लागू नये म्हणून त्याला नेहमीच जरा वाकावं लागायचं, आज तो गरजेपेक्षा जास्त वाकला होता. या पोराने तिच्या माळ्यावरच्या पेट्या काढून दिल्या होत्या, शिडीशिवाय बल्ब बदलले होते. तिने त्याच्याकडे बघितलं तसा तिचा गाल आपोआप मागे सरला. तिचा नव्हे, गालाचा निर्णय होता तो. त्याने ते पाहिलं आणि त्याचं तोंड एकदम उतरलं.

"मावशी, सामान भरलंय मी," तो म्हणाला.

"कुठे जाणार?"

"बघतो कुठेतरी. गोदामात एक खोली आहे. म्हणजे, खोली नाही. पण झोपू देतात."

"परीक्षा कधी आहे तुझी?"

तो म्हणाला, "मला कळलंच नाही मावशी. तुमचा चेहरा मला दिसलाच नाही. नंतर दिसला." तो पुढे म्हणाला, "मी याआधी कोणाला मारलं नाहीये," आणि हे सांगून काही उपयोग नाही हे त्याचं त्यालाच कळल्यासारखा जायला वळला. एरवी अशा वेळी काय बोलायचं हे तिला पाठ होतं. आधी, जेवलास का. ते शब्द तोंडात आले आणि तिथेच थिजले. "संध्याकाळी सांगते," एवढंच ती म्हणाली. तो गेला. जिन्यावर त्याच्या पायांचा आवाज आला नाही. बहुधा चप्पल हातात घेऊन चढला.

ऊन कलल्यावर बाहेर गाडी थांबली. थोरला. तो आत आला, तिच्या गालाकडे बघितलं, आणि ज्या माणसाने वडिलांच्या वेळी डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं त्याच्या ओठांना कंप सुटला. तो काही बोलणार तेवढ्यात फाटक वाजलं. बसमधून उतरून धावत आलेला धाकटा घामाघूम होऊन दारात उभा राहिला. तिला वाटलं, आता एक जण निघून जाईल. नेहमी तसंच व्हायचं. ती कोण निघतं ते बघत राहिली. धाकट्याने तिचा गाल पाहिला, मग थेट भावाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "दादा, कोण आहे तो?"

दादा. सकाळी थपडेने जे झालं नव्हतं ते त्या एका शब्दाने झालं. तिने टेबलाची कड धरली. थोरलाही क्षणभर गांगरला असावा. मग म्हणाला, "वरचाच कोणीतरी. तुझ्याच खोलीत राहतो." "माझ्या खोलीत?" "हो ना." आणि दोघं खुर्च्या ओढून समोरासमोर बसले, काल रात्रीच अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे चालू केल्यासारखे.

ती चहा ठेवायला आत गेली. साखर तिने भांड्याबाहेरच टाकली. बाहेरून दोन आवाज येत होते. एकाचं वाक्य दुसरा पूर्ण करत होता. लहानपणी असंच बोलायचे, शेजारच्यांना वाटायचं एकच मुलगा स्वतःशी बडबडतोय. पोलिसांत द्यायचं का. नको, आईला चकरा माराव्या लागतील. मग आजच्या आज बाहेर काढायचं. सामानासकट. त्याच्या घरी फोन करायचा. कॉलेजातही कळवू या, दादा. हो, ते तू कर, तुझं बोलणं चांगलं आहे. तुझं बोलणं चांगलं आहे! ती चहाच्या उकळीकडे बघत तशीच उभी राहिली. चहा उतू गेला. मधेच धाकटा काहीतरी म्हणाला आणि थोरला हसला. रागाच्या मधे आलेलं, नाकातून फुटलेलं हसू, पण हसू. या घरात ते हसू तिने किती दिवस ऐकलं नव्हतं. हे थांबू नये, असं तिला वाटलं. बोलू देत, काहीही बोलू देत, कोणाबद्दलही. आणि मग तिच्या मनात आलं, जाऊ दे ना तो पोरगा. सामान भरलंच आहे त्याने. आपण काही सांगायचंसुद्धा नाही; नुसतं गप्प बसलं की झालं. तेवढ्यात हे दोघं जुळतील. हा विचार इतका सहज, इतका गोड आला की तिला स्वतःचीच भीती वाटली. एक पोरगा गोदामात खोक्यांवर झोपेल, त्या मोबदल्यात तिला तिची दोन मुलं मिळणार होती. कोणती आई नाही म्हणेल?

तिने चहा नेऊन ठेवला. तिच्याकडे न बघता दोघांनी कप उचलले. "वरचा मजला बंदच करून टाकू," थोरला म्हणत होता. "मी तेच म्हणतो," धाकटा म्हणाला, "आणि आईने एकटं राहायचंच कशाला? काही दिवस तुझ्याकडे, काही दिवस माझ्याकडे." "चालेल. हिवाळ्यात माझ्याकडे, तुझं घर गार असतं." "हो, आणि उन्हाळ्यात माझ्याकडे." ती शेजारी उभी होती. तिने एकाकडून दुसऱ्याकडे बघितलं. इतक्या प्रेमाने, इतक्या समजूतदारपणे ते तिला आपापसात वाटून घेत होते की त्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. आपण रागवावं की सुखावावं हे तिला कळेना. एरवी तीच असे दोन भाडेकरूंना फ्रिजचे कप्पे वाटून द्यायची.

"चल, आधी त्याचं बघू," असं म्हणून थोरला उठला. धाकटाही उठला. ते जिना चढायला लागले तरी ती खालीच होती. मधे पडायचं नाही, मधे पडायचं नाही. दोघंच जातायत, एकत्र जातायत, जाऊ दे. वर दार आपटलं. थोरल्याचा आवाज आला, "तूच का तो?" मग काहीतरी जड पडल्याचा आवाज. ती जिना कशी चढली हे तिला पुढे कधीच आठवलं नाही.

खोलीत थोरल्याने लांब्याची कॉलर धरली होती. लांब्या त्याच्यापेक्षा चांगला डोकंभर उंच, पण पोतं टांगावं तसा त्याच्या मुठीत लोंबत होता; हात दोन्ही बाजूंना सोडलेले, जणू आता आयुष्यात ते कधी उचलायचे नाहीत असं ठरवलेलं. धाकट्याने त्याची ट्रंक दाराबाहेर ओढली होती. डॉक्टर भिंतीला चिकटून उभा होता. आणि गजरवाला, ज्याचा फोन सकाळी बुडाला होता तो गजरवाला, ट्रंकेचं दुसरं कडं धरून बसला होता आणि रडवेल्या आवाजात म्हणत होता, "अहो काका, त्याची परीक्षा आहे हो. आमचं आम्ही बघू ना."

"तू बाजूला हो," धाकटा म्हणाला.

"सोड त्याला," ती म्हणाली.

थोरल्याने मान वळवली. "आई, तू खाली जा. तू मधे पडू नकोस."

ती मधे गेली. सकाळी गेली होती तेव्हा विचार केला नव्हता. आता विचार करून गेली आणि म्हणून प्रत्येक पाऊल जड झालं. तिने थोरल्याचं मनगट धरलं. किती भरलेलं मनगट होतं ते, तिच्या मुठीत मावत नव्हतं. "सोड," ती म्हणाली. "तो कुठेही जाणार नाही. इथेच राहील."

"आई, त्याने तुला मारलं!"

"मला मारलं, ते माझं मी बघेन. त्याने भरपाई म्हणून काय करायचं, कसं राहायचं, ते मी त्याला सांगेन. तुम्ही नाही."

"अगं, आम्ही तुझ्यासाठी आलोय," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज लहानपणीसारखा चिरकला. "सगळं टाकून आलोय. आणि तू या कोणाच्या तरी पोरासाठी आम्हाला—"

"माझ्यासाठी आलात ना? मग माझं ऐका. हे घर माझं आहे. मी कोणाकडे हिवाळ्याला येणार नाही आणि कोणाकडे उन्हाळ्याला येणार नाही."

बोलून झाल्यावर तिला जाणवलं, आपण काय केलं. दोघांचे चेहरे तिने बघितले. त्यांच्यावर अगदी तेच होतं जे सकाळी या तीन पोरांच्या चेहऱ्यांवर होतं. कोणी कोणाला मारलं नव्हतं, पण थप्पड बसली होती. संपलं, तिला वाटलं. आता हा एका दाराने जाईल, तो दुसऱ्या, आणि पुन्हा "आई, त्याला सांग." तासाभरासाठी मिळालेलं आपण आपल्या हाताने मोडलं. थोरल्याने कॉलर सोडली. त्याने आपला हात तिच्या मुठीतून हळूच, पण ठामपणे काढून घेतला. तो दारापर्यंत गेला, उंबऱ्यावर थांबला, आणि मागे न बघता म्हणाला, "चल रे."

तिला म्हणाला नव्हता तो. धाकट्याने ट्रंक सोडली आणि त्याच्यामागून गेला.

ती खिडकीशी गेली. खाली अंधारायला लागलं होतं. थोरल्याने गाडीचं दार उघडलं. धाकटा जराही न घुटमळता वळसा घालून पुढच्या सीटवर जाऊन बसला. गाडी लगेच सुरू झाली नाही. आतला दिवा लागला होता आणि काचेतून दोन डोकी दिसत होती. धाकटा हातवारे करत बोलत होता, थोरला स्टिअरिंगवर बोटं आपटत होता. मग थोरला बोलायला लागला आणि धाकटा मान डोलावत राहिला. आपल्याबद्दलच बोलतायत, हे कळायला आवाज ऐकू यायची गरज नव्हती. हट्टी आहे. पहिल्यापासून अशीच. डोकं फिरलंय तिचं. बाबांनी लाडावून ठेवली. धाकट्याने रागाने डॅशबोर्डवर मूठ मारली आणि थोरल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तिथेच राहिला. ती खिडकीच्या कडेला सरकली, त्यांना दिसू नये म्हणून. आपण दिसलो तर हे मोडेल असं तिला वाटलं. अखेर गाडी निघाली, आणि कोपऱ्यावरून धाकट्याच्या घराकडे न वळता थोरल्याच्या घराकडे वळली.

मागे खोलीत गजरवाला आणि लांब्या दोन बाजूंनी ट्रंक उचलून आत आणत होते. एकमेकांशी बोलत नव्हते, पण उचलत होते. डॉक्टर तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. रिकाम्या रस्त्याकडे बघत त्याने भीत भीत विचारलं, "मावशी, तुमचे मुलगे फार रागावले का हो?"

"हो," ती म्हणाली. "दोघंही." आणि रस्त्याच्या कोपऱ्याकडे बघत ती पुन्हा म्हणाली, "एकत्र रागावले."

तिच्या आवाजात जे काही होतं ते ऐकून ट्रंक उचलणारी पोरं थांबली. ती स्वतःही दचकली.